कुर्ल्याची फियाट आणि दिंडोशीचा उतार

दिंडोशीला पश्चिम द्रुतगती महामार्ग सोडून पूर्वेला वळलं की रस्ता चढू लागतो. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाने वर गोकुळधाम, मृणाल गोरे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली नागरी निवाराची वसाहत, आणि पलीकडे दादासाहेब फाळके चित्रनगरी. सगळी वस्ती डोंगराच्या अंगाखांद्यावर आहे. चढताना त्याचं काही वाटत नाही. उतरताना मात्र तळाशी महामार्गाचा सिग्नल असतो. तिथे बेस्टची बस उभी असते, रिक्षांची रांग असते, हातात छत्री धरून रस्ता ओलांडणारी माणसं असतात. माझी 1972 सालची फियाट 1100 डिलाइट हा उतार बाबांच्या हाताखाली उतरायची, आता माझ्या.

एका जुलैत कुरारच्या बाजूला साचलेल्या पाण्यातून गाडी काढून मी घरी आलो आणि दहा मिनिटांत पुन्हा खाली निघालो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. पेडल नेहमीसारखंच घट्ट लागलं, पण गाडीचा वेग कमी होईना. दुसऱ्यांदा जोर लावून दाबला, तर स्टिअरिंग हातातून ओढून घेतल्यासारखं डावीकडे गेलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी सिग्नलच्या बसपासून चार-पाच हातांवर थांबली. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून ब्रेक हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला.

माझा पहिला विचार अगदी सरळ होता: जुने ड्रम काढून टाकावेत आणि पुढच्या चाकांना आजच्या गाड्यांसारखे डिस्क ब्रेक बसवावेत. आमच्या मिस्त्रींनी तो शांतपणे ऐकून घेतला. ते मूळचे चिपळूणकडचे, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या फियाटींची मोजदाद त्यांनाही ठाऊक नाही. ते म्हणाले, "बसवू या की डिस्क. पण आधी आहे ते उघडून बघू. दुखणं कुठं आहे ते न बघता औषध कसलं देताय?"

डिस्कच्या गोष्टीआधी ही गाडी मुळात कोण आहे ते सांगायला हवं. मुंबईकरांना तिची ओळख काळ्या-पिवळ्या टॅक्सीची, आणि त्या ओळखीखाली तिचं घराणं झाकलं गेलं आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, मग फियाटशी हातमिळवणी झाली. 1953 मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी इटलीत फियाटने 1100 चं नवं मॉडेल आणलं, आणि पुढच्याच वर्षी ते कुर्ल्यात तयार होऊ लागलं. इटलीत या गाडीला मिलेचेंतो म्हणत, म्हणजे अकराशे. आपल्याकडे ती एलिगंट झाली, सुपर सिलेक्ट झाली, 1964 मध्ये डिलाइट झाली, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. 2000 सालाच्या आसपासपर्यंत तिचं उत्पादन चाललं. काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

तिच्या नाकाडाखालचं इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. हे माप दान्ते जाकोसा या फियाटच्या थोर अभियंत्याने 1937 च्या 508 सी या गाडीत आणलेल्या इंजिनाचं. त्याच इंजिनावर हात फिरवून दुसऱ्या महायुद्धानंतर चिसितालिया 202 ही स्पोर्ट्स कार घडली. पिनिन फारिना यांनी तिला दिलेलं शरीर इतकं देखणं की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात ठेवली आहे. दादर स्टेशनबाहेर भाड्याची वाट बघत उभी असायची ती टॅक्सी आणि संग्रहालयातली ती लाल गाडी यांचं काळीज एकाच घरातलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा बाबांच्या गाडीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

इंजिनाचं घराणं असं, पण ब्रेक 1953 चे. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर घालणारं नळकांडं. इटलीत फियाटने 1966 मध्ये 1100 आर हे मॉडेल काढलं आणि त्याच्या पुढच्या चाकांना डिस्क दिले. त्याच वर्षी आलेल्या फियाट 124 ला तर चारही चाकांना डिस्क होते, आणि तिच्याच घरातल्या, टॉम जार्डा यांनी पिनिनफारिनासाठी रेखलेल्या 124 स्पोर्ट स्पायडरलाही. कुर्ल्याची 1100 मात्र आधीच्या पिढीच्या आराखड्यावर थांबली. माझी गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या इटालियन बहिणीला डिस्क मिळून सहा वर्षं झाली होती. मी जे करायला निघालो होतो, ते फियाटच्या तोरिनोतल्या लोकांनी कधीच करून ठेवलं होतं. या विचाराने मला धीर आला. आपण गाडीला परकं काही लावत नाही, तिच्याच घरातलं राहिलेलं देणं देतो आहोत, असं वाटलं.

आता ब्रेक करतो काय, ते पाहू. सगळे म्हणतात, ब्रेक गाडी थांबवतो. खरं म्हणजे ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती कुठेतरी साठवतो. पुढचं सगळं या एका वाक्यात आहे. ती उष्णता किती, ती कोण पोटात घेणार आणि हवेत कशी सोडणार, यावर ब्रेक चांगला की वाईट ते ठरतं.

हिशेब घरच्या घरी करता येतो. फियाटचं वजन सुमारे 900 किलो, त्यात चार माणसं आणि सामान धरून 1,200 किलो. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 22 मीटर. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की उत्तर येतं जवळजवळ 3 लाख ज्यूल. एक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून, म्हणजे 30 अंशांपासून, उकळेपर्यंत तापवायला जवळपास एवढीच उष्णता लागते. गॅसवर त्याला काही मिनिटं जातात. ब्रेकला तेच काम चार सेकंदांत करायचं असतं. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, कारण वेगाचा वर्ग होतो. ताशी 40 वर निर्धास्त वाटणारे ब्रेक ताशी 80 ला दगा देतात त्याचं कारण हेच.

उतारावर आणखी एक भर पडते. तिथे वेग वाढू द्यायचा नाही एवढंच काम असलं, तरी गाडी जितकी खाली येते तितकी तिची उंचीतली ऊर्जा कुणालातरी गिळावी लागते. समजा 30 मीटर उंचीवरून आपली 1,200 किलोंची गाडी एका संथ वेगाने खाली आली, तर तिने साडेतीन लाख ज्यूल सोडले. म्हणजे 80 च्या वेगातून एकदा कचकन थांबण्यापेक्षाही जास्त. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी साठेक मीटरवर. बोरघाट उतरताना हीच गाडी वीस-बावीस लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता सोडते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर कुठलाच ड्रम टिकणार नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगत. त्यांनी ही बेरीज कागदावर केली नव्हती, पण त्यांचं उत्तर बरोबर होतं. इंजिन त्या उष्णतेचा मोठा वाटा आपल्या अंगावर घेतं.

ड्रम या उष्णतेचं काय करतो? ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी परात. तिच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनिंग. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल व्हील सिलिंडरमधल्या पिस्टनांना ढकलतं, पिस्टन शूंना बाहेर रेटतात, आणि शू ड्रमच्या आतल्या कडेला घासतात. या रचनेत एक सुंदर गुण आहे. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने बसवलेला शू घर्षणामुळे आपोआप आणखी घट्ट दाबला जातो. ड्रायव्हरच्या पायाला तेवढी मदत मिळते. पण हाच गुण पुढे दोष होतो. एका बाजूचा शू थोडा जरी वेगळा वागला, तरी ती मदत एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळते, आणि गाडी एका अंगाला खेचते.

उष्णता मात्र आतच कोंडते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. शूला त्याला गाठायला जास्त बाहेर यावं लागतं आणि पेडल खाली जात राहतं. लायनिंग फार तापलं की त्याची पकडही उतरते. यालाच ब्रेक फेड होणं म्हणतात. घाटात जळका वास आल्यावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, ते यामुळे. आणि पावसात उलटं होतं. साचलेल्या पाण्यातून गेलं की परातीत पाणी शिरतं, शू आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो, आणि तो घासून वाळेपर्यंत ब्रेक नावालाच असतो. माझं त्या दिवशी हेच झालं होतं. पण गाडी डावीकडेच का ओढली गेली, ते अजून कळायचं होतं.

मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाकं उतरवली. डावा ड्रम लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी हलके ठोकल्यावर सुटून आला. आतला शू कोरडा, राखाडी, एकसारखा झिजलेला. उजव्या ड्रमला बराच वेळ लागला. तो निघाला तेव्हा आतून तेलकट, आंबूस वास आला. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखालून ब्रेक ऑइल झिरपत होतं, खाली ओघळून वरच्या शूपासून खालच्या शूपर्यंत पसरलं होतं, आणि लायनिंग काळं, मऊ, साबणासारखं गुळगुळीत झालं होतं. मिस्त्रींनी नखाने ओरखडा काढला, तर नखात काळा लगदा आला. "हे चाक कधीचं झोपलंय," ते म्हणाले. उजवं चाक थांबवतच नव्हतं. पाणी वाळल्यावर एकट्या डाव्याने पकड घेतली आणि गाडी तिकडे वळली.

एक काळजीची गोष्ट इथेच सांगतो. ड्रमच्या आत साचलेली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की परत निघत नाहीत. गॅरेजमधली पोरं ही धूळ रोज खातात. आमच्या मिस्त्रींना मी ओल्या फडक्याने पुसायची विनंती केली. आता ते प्रत्येक गाडीला तसंच करतात, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

तर पहिला धडा असा मिळाला की माझे ड्रम वाईट नव्हते, आजारी होते. चारही चाकांच्या सिलिंडरांना नवं किट, नवं लायनिंग, लेथवर एकसारखे केलेले ड्रम, नव्या रबरी होज, आणि शूंचं नीट ॲडजस्टमेंट. एवढ्यावर गाडी कोरड्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबू लागली. ज्यांची जुनी गाडी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर फेरी मारण्यापुरती निघते, त्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. माझी गाडी मात्र रोज, पावसातही, या डोंगरावरून खाली जाते. म्हणून मी पुढे गेलो.

डिस्कची कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचं पेटंट 1902 मध्येच घेतलं होतं. पण त्या काळातल्या धातूंना आणि धुळीच्या रस्त्यांना ती मानवली नाही. 1953 मध्ये जॅग्वारच्या गाड्या डनलॉपचे डिस्क लावून ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. बाकीच्यांचे ड्रम रात्रभर तापून थकत होते आणि जॅग्वारचे ड्रायव्हर वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग सोडत नव्हते. दोन वर्षांनी सित्रोएनने डीएस या घरगुती गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क लावले. इटालियन स्पोर्ट्स कार या बाबतीत थोड्या मागून आल्या. अल्फा रोमिओची ज्युलिया 1962 मध्ये आली तेव्हा तिला ड्रमच होते, डिस्क नंतर मिळाले. आज जगभर जुन्या अल्फा आणि फियाट जपणारे लोक ब्रेकच्या कामाला पहिला मान देतात, त्यामागे हा इतिहास आहे. त्या गाड्या ज्या वर्षांत घडल्या, त्या वर्षांत इंजिनं ब्रेकच्या पुढे धावत होती.

डिस्क म्हणजे उघड्यावर फिरणारी लोखंडी ताटली. कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो. ताटली उघडी असल्याने वारा तिला सतत लागतो, आणि पाणी फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं. ती तापून फुगली तर जाडीला फुगते, म्हणजे पॅडच्या जवळ येते, लांब जात नाही. ड्रमची तीनही दुखणी इथे सुटतात. पण ड्रममध्ये शू आपोआप घट्ट होण्याची जी मदत होती, ती डिस्कमध्ये नाही. सगळा जोर पायाने, किंवा व्हॅक्युम सर्व्होने, पुरवावा लागतो.

आणि पुढच्या चाकांनाच का? ब्रेक लागला की गाडी नाक खाली करते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मागचं वजन पुढे सरकतं. जोराच्या ब्रेकमध्ये थांबवण्याचं दोन तृतीयांशाच्या आसपास काम पुढची चाकं करतात, म्हणून उष्णताही तिथेच जास्त होते. मागे ड्रम ठेवण्यात कमीपणा नाही. फियाट 124 चा परवाना घेऊन सोव्हिएत संघाने 1970 मध्ये झिगुली काढली, तेव्हा त्यांनी 124 चे मागचे डिस्क मुद्दाम काढून ॲल्युमिनियमचे ड्रम लावले. तिथल्या चिखलाच्या रस्त्यांवर मागचे डिस्क फार लवकर झिजत होते. जी वस्तू तोरिनोत पुढारलेली, ती दुसऱ्या रस्त्यावर मागे पडते.

आता प्रत्यक्ष काम. मुंबईत जुन्या फियाटला मारुतीचे किंवा फियाटच्याच पुढच्या मॉडेलांचे डिस्क-कॅलिपर जुळवून देणारे कारागीर आहेत. सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत मिळतं. इथे घाई करू नये. मारुती 800 साडेसहाशे किलोंच्या आसपासची गाडी. तिचा डिस्क आपल्या 900 किलोंच्या गाडीला लावला तर दिसायला डिस्क होईल, पण उष्णता पोटात घ्यायला लोखंडच अपुरं पडेल. फियाटच्या 14 इंची चाकात याहून मोठ्या डिस्कला जागा आहे, ती वापरायला हवी. चाकाच्या बोल्टांचं वर्तुळही तपासून घ्यावं. फियाटच्या 124, युनो, पालिओ यांचे चार बोल्ट 98 मिलिमीटरच्या वर्तुळावर येतात, मारुतीची मापं वेगळी. बोल्ट जवळपास बसतोय म्हणून ओढून-ताणून बसवलेलं चाक मी पाहिलं आहे, आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

सगळ्यांत नाजूक वस्तू म्हणजे कॅलिपर धरणारा ब्रॅकेट. मूळ स्टब ॲक्सलवर, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं त्या भागावर, कॅलिपरची सोय नसते, म्हणून मध्ये एक पोलादी पट्टी बनवून घ्यावी लागते. तिच्यावर किती ओढ येते? गाडी जोरात थांबताना पुढच्या एका चाकाच्या टायरवर रस्ता साधारण 2,300 न्यूटनने मागे ओढतो. टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर आणि डिस्कवर पॅड धरतो ती त्रिज्या 10 सेंटिमीटर, म्हणजे पॅडच्या जागी तोच जोर तिप्पट होतो. जवळजवळ 700 किलोंचा ओढा, आणि तो दोन बोल्टांवर. अशा ठिकाणी भंगारातली पट्टी आणि साधे नटबोल्ट चालत नाहीत. आमच्या ब्रॅकेटची जाडी, भोकं आणि कडा एका मशीनशॉपने ड्रॉइंगवरून कापल्या, बोल्ट 10.9 ग्रेडचे घेतले, आणि स्टब ॲक्सलवर वेल्डिंगचा एक ठिपकाही पडू दिला नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढे कधीतरी वळणावर तुटतं.

मग ऑइलचा हिशेब. समजा पायाने 25 किलो जोर दिला आणि पेडलने तो पाचपट केला. मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर असेल तर नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 44 किलो दाब तयार होतो. हा दाब ड्रमच्या 22 मिलिमीटरच्या पिस्टनवर पडला तर तो शूला 165 किलोंच्या आसपास रेटतो. डिस्कच्या 48 मिलिमीटरच्या पिस्टनवर पडला तर 800 किलोंच्या आसपास. डिस्कला आपोआप घट्ट होण्याची मदत नाही, ती तूट अशी मोठ्या पिस्टनने भरून निघते. पण मोठा पिस्टन हलवायला ऑइलही जास्त लागतं, आणि ते मास्टर सिलिंडरने पुरवायला हवं. मास्टर मोठा केला तर पेडल उंच लागतं पण पायाला जड होतं. लहान ठेवला तर पाय हलका पडतो पण पेडल खोल जातं. नुसते डिस्क बदलून गाडी घरी नेणारे पुष्कळजण आठवड्याभरात "पेडल खाली जातंय" म्हणत परत येतात. दोष डिस्कचा नसतो.

ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम राहावा म्हणून जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच दाब डिस्कच्या नळीत राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि ब्रेक न लावताही डिस्क तापते. पुढच्या नळीतून तो काढावा लागतो. आणि पुढची पकड एवढी वाढल्यावर मागच्या चाकांवरचं वजन आणखी कमी होतं, ती लवकर जाम होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. म्हणून मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावून, रिकाम्या रस्त्यावर, पुढची चाकं आधी जाम होतील असा तो बसवावा लागतो.

या सगळ्या कामात मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो बदल बाहेरून दिसतही नाही. एकाच सर्किटच्या जागी दुहेरी मास्टर सिलिंडर. जुन्या पद्धतीत एक नळी फुटली की चारही चाकं एकदम गेली. दुहेरीत पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं राहतं, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर डिस्कच्या आधी मी ते इथे घालीन.

ब्रेक ऑइलबद्दलही थोडं. या ऑइलला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय असते. नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश, पण पाणी शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरतो. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीपर्यंत जातं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच पाणी होऊन असते. म्हणून आमच्याकडे ऑइल दर पावसाळ्याआधी बदलायचं, आणि डबा एकदा फोडला की उरलेलं पुढच्या वर्षाला ठेवायचं नाही, असा नियम केला आहे.

कागदांची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे वाहनात बदल करण्यावर बंधनं आहेत. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून मी मूळ ड्रम, शू, बॅकप्लेट आणि मास्टर सिलिंडर तेलात पुसून, नावनिशीची चिठ्ठी लावून, माळ्यावर ठेवले आहेत. स्टब ॲक्सलला भोक नाही, वेल्डिंग नाही. अर्ध्या दिवसात गाडी पुन्हा जशीच्या तशी करता येते. काम सुरू करण्याआधी बोरिवलीच्या आरटीओत विचारून घेणं हाही कामाचाच भाग समजावा.

शेवटी हवा काढणं. मी पेडलवर, मिस्त्री चाकाखाली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या चाकापासून सुरुवात. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाबा. धरून ठेवा. सोडू नका." निपल अर्धा फेरा उघडलं की पाय आत जायचा, नळीतून दुधट फेस यायचा, निपल बंद व्हायचं. "सोडा." पुन्हा. पहिल्या चाकाला वीसएक वेळा दाबलं तेव्हा फेस सरून लहान बुडबुडे आले, मग एखाद-दुसरा, मग सोनेरी ऑइलची सलग धार. पायाखालचं पेडल हळूहळू वर येत, दगडासारखं टणक होत गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, रस्ता मोकळा असताना, चित्रनगरीच्या बाजूने आम्ही खाली उतरलो. रात्री पाऊस पडून गेला होता. वळणावर मुद्दाम डबक्यातून गाडी नेली आणि लगेच ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातात सरळ राहिलं. मग तळापर्यंत थांबत, पुन्हा चालत, पाच-सहा वेळा ब्रेक लावत आलो आणि सिग्नलच्या आधी कडेला गाडी लावली. मिस्त्री बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन खाली वाकले. एक थेंब पुढच्या डिस्कवर टाकला. चर्र आवाज झाला आणि तो उडून गेला. मग मागे जाऊन दुसरा थेंब ड्रमवर टाकला. तो कोमट लोखंडावरून हळूच ओघळला आणि टायरच्या कडेवर थांबला.